नांदत्या घराचा पाया बदलताना : डेबियनच्या अपग्रेडची ३२ वर्षं

९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन १३ आलं. टोपणनाव 'ट्रिक्सी'. सोबत नेहमीप्रमाणे 'रिलीज नोट्स' नावाचा एक लांबलचक दस्तऐवज होता. नवं काय आहे, काय मोडू शकतं, अपग्रेड कसं करायचं, हे सगळं त्यात असतं. बहुतेक लोक तो न वाचताच पुढे जातात. मला मात्र तो वाचायला आवडतो, कारण जाहिरातीत कधीच न येणाऱ्या गोष्टी तिथे साध्या भाषेत लिहिलेल्या असतात. या वेळी त्यात एक सूचना होती : जुन्या ३२-बिट डेबियनवर असाल, तर १३ वर येऊ नका. यंत्राला ६४-बिट झेपत असेल तर ते नव्याने बसवा, नाहीतर यंत्राला निवृत्त करा.

तुम्ही हा लेख बहुधा फोनवर वाचताय. फोन म्हातारा झाल्याचं आपल्याला असं कुणी सांगत नाही. अपडेट येणं गुपचूप थांबतं. मग एक दिवस बँकेचं ॲप उघडेनासं होतं आणि दुकानदार म्हणतो, "आता नवा घ्या." फोन चांगला चालत असतो, पण तो किती वर्षं जगणार हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असतं. डेबियनचा इतिहास मला या प्रश्नासाठी वाचावासा वाटतो. यंत्र जुनं झालं हे कोण ठरवतं, कशाच्या आधारावर, आणि ते आधी सांगतं का?

खेळण्यांची नावं, खरी भांडणं

लिनक्स हा खरं तर फक्त गाभा, म्हणजे कर्नल. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या आतही तोच आहे. त्याच्याभोवती हजारो प्रोग्रॅम जमवून, एकमेकांशी जुळवून, वापरता येईल असं जे तयार होतं त्याला वितरण म्हणतात. १९९३ साली असं एक लोकप्रिय वितरण होतं 'एसएलएस', आणि ते चुकांनी भरलेलं होतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणारा इयन मर्डॉक त्याला वैतागला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्यानं नव्या वितरणाची घोषणा केली. डेबरा ही त्याची मैत्रीण. तिच्या आणि स्वतःच्या नावातून त्यानं 'डेबियन' हे नाव बनवलं.

पुढच्या जानेवारीत आलेल्या जाहीरनाम्यात त्याचं म्हणणं असं होतं, की वितरण तयार करणं हे दिसायला किरकोळ पण प्रत्यक्षात अवघड काम आहे, आणि ते एकट्यादुकट्यानं किंवा फक्त विक्रीसाठी न करता उघड्यावर, सगळ्यांनी मिळून करायला हवं. तेव्हापासून डेबियन जगभरातले स्वयंसेवकच चालवतात.

पहिली मोठी ठेच लागली ती नावाआधीच्या आकड्याला. डिसेंबर १९९५मध्ये इन्फोमॅजिक या सीडी विकणाऱ्या कंपनीनं अर्धवट तयार झालेली आवृत्ती चुकून 'डेबियन १.०' म्हणून छापून विकली. गोंधळ टाळायला प्रकल्पानं १.० हा आकडाच सोडून दिला. म्हणून डेबियनची पहिली अधिकृत स्थिर आवृत्ती १.१ आहे, जून १९९६ची. तिचं नाव 'बझ'. तेव्हाचे प्रमुख ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते, आणि 'टॉय स्टोरी' नुकताच येऊन गेला होता. तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीला त्या चित्रपटमालिकेतल्या पात्राचं नाव मिळतं. ट्रिक्सी ही त्यातली निळी ट्रायसेराटॉप्स. जिथे नवं सामान आधी येऊन पडतं आणि सतत मोडतं, त्या कायमच्या अस्थिर शाखेचं नाव 'सिड' आहे, खेळणी मोडणाऱ्या शेजारच्या पोराचं.

पाया बदलायचा, घर रिकामं न करता

बझमध्ये ४७४ पॅकेजेस होती. ट्रिक्सीत ६९,८३० आहेत. पण मला आकड्यापेक्षा त्यामागची अट महत्त्वाची वाटते. एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जाताना डिस्क पुसायची नाही. तुमच्या फायली, तुमची सेटिंग्ज, तुम्ही लावलेले प्रोग्रॅम जागच्या जागी राहतील आणि खालची यंत्रणा बदलेल. नांदत्या घराचा पाया बदलण्यासारखं हे काम आहे. माणसं आत जेवतायत, झोपतायत आणि खाली गवंडी लागलाय.

याची पहिली अवघड परीक्षा जुलै १९९८मध्ये आली. डेबियन २.० 'हॅम' मध्ये सी लायब्ररीच बदलायची होती, जुनी लिबसी-५ जाऊन लिबसी-६ यायची होती. जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम या लायब्ररीवर उभा असतो. क्रम चुकला तर जो प्रोग्रॅम अपग्रेड करतोय तोच मधे बंद पडणार. म्हणून दोन्ही लायब्रऱ्या शेजारी शेजारी नांदू शकतील अशी व्यवस्था केली गेली आणि पहिली पावलं योग्य क्रमानं टाकणारी 'ऑटोअप' नावाची एक स्क्रिप्ट लोकांना दिली गेली.

पुढच्याच वर्षी, मार्च १९९९मध्ये, २.१ 'स्लिंक'सोबत 'ॲप्ट' आलं. आधीच्या 'डिसिलेक्ट' या साधनानं लोक हैराण व्हायचे. ॲप्टनं तो हिशोब स्वतःकडे घेतला. कुठल्या पॅकेजला कुठलं लागतं, आधी काय उतरवायचं, काय काढायचं, हे सगळं ते ठरवू लागलं. आज अँड्रॉइडवर 'टर्मक्स' वापरणाऱ्यांच्या हातातही हेच ॲप्ट आहे.

या यंत्रणेतली एक छोटी गोष्ट मला फार आवडते. तुम्ही एखादी सेटिंगची फाइल हातानं बदलली असेल आणि नव्या आवृत्तीत त्या फाइलचं नवं रूप आलं असेल, तर अपग्रेड मधेच थांबतं आणि विचारतं : तुमची ठेवू, की नवी घेऊ? दोन्हींतला फरकही दाखवतं. उत्तर न देता नुसतं एंटर दाबलं, तर तुमची फाइल राहते. पाहुण्यानं घरमालकाला विचारून खुर्ची हलवावी, तसं.

हे काम कोण करत होतं? ऑगस्ट २०००मध्ये आलेली २.२ 'पोटॅटो' ही आवृत्ती जोएल क्लेकर याला अर्पण केलेली आहे. तो डेबियनचा विकासक होता. आवृत्ती येण्याच्या महिनाभर आधी, एकविसाव्या वर्षी तो गेला. त्याला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती आणि डेबियनसाठी काम केलं त्या बहुतेक काळात तो अंथरुणाला खिळलेला होता. बरोबर काम करणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊकच नव्हतं. त्यांना तो माहीत होता त्याच्या पॅकेजेसवरून.

स्वयंसेवकांच्या कामाला उशीर होतो, तसा डेबियनलाही झाला. जुलै २००२च्या 'वूडी'नंतर 'सार्ज' यायला जून २००५ उजाडला. दरम्यान ऑक्टोबर २००४मध्ये डेबियनच्याच पायावर उबुंटू उभं राहिलं आणि दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देऊ लागलं. डेबियननं घाई केली नाही, पण शिस्त आणली, आणि गेली कित्येक वर्षं साधारण दोन वर्षांनी आवृत्ती येते. भांडणंही झाली. संगणक सुरू होताना सगळ्या सेवा चालू करणारी 'सिस्टमडी' ही यंत्रणा घ्यावी का, यावर २०१४मध्ये इतकं रण पेटलं, की एक गट बाहेर पडला आणि त्यानं 'देवुआन' काढलं.

मराठीशी या इतिहासाचा थेट धागा फेब्रुवारी २००९चा आहे. ५.० 'लेनी' मध्ये डेबियन बसवतानाच्या सूचना ज्या पाच नव्या भाषांत आल्या, त्यांत मराठी होती. भाषांतर करणारे अर्थातच स्वयंसेवक होते. मर्डॉक डिसेंबर २०१५मध्ये गेला. २०१७ची 'स्ट्रेच' ही आवृत्ती त्याला अर्पण आहे.

ट्रिक्सीत काय आहे आणि तिथे कसं जायचं

ट्रिक्सीत लिनक्स कर्नल ६.१२ आहे, पडद्यावर ग्नोम ४८ किंवा केडीई प्लाझ्मा ६.३. कुणाच्या मालकीचा नसलेला रिस्क-फाइव्ह हा प्रोसेसरचा आराखडा पहिल्यांदाच अधिकृत यादीत आला. तात्पुरत्या फायलींचं 'टीएमपी' फोल्डर आता डिस्कवर नसून रॅममध्ये असतं. तिथे मोठ्या फायली टाकायची सवय असेल तर ती बदला.

पण खरा पाया दुसरीकडे बदललाय. लिनक्स वेळ मोजतं ती १ जानेवारी १९७०पासूनच्या सेकंदांत. जुन्या ३२-बिट पद्धतीत हा आकडा २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जातो. ती मर्यादा संपते १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. त्याच्या पुढच्या सेकंदाला ही यंत्रं १९०१च्या डिसेंबरात जातील. ज्या ३२-बिट यंत्रांवर हा धोका होता, त्यातल्या एआरएम प्रोसेसरांसाठी डेबियननं २०२४मध्ये लायब्रऱ्या आणि त्यांवर उभे असलेले प्रोग्रॅम ६४-बिट वेळेसह पुन्हा बांधून काढले. लिबसी-५ ते लिबसी-६च्या जातीचंच हे काम होतं, फक्त कितीतरी पट मोठं.

आता प्रत्यक्ष अपग्रेड. डेबियन १२ वरून १३ वर जाता येतं. ११ वर असाल तर आधी १२ गाठा, पायरी गाळू नका. पहिलं काम बॅकअप, आणि तो दुसऱ्या डिस्कवर. मग १२ पूर्ण अद्ययावत करा, बाहेरून जोडलेले पॅकेजचे स्रोत तात्पुरते बंद करा, आणि डिस्कवर, विशेषतः वेगळं 'बूट' पार्टिशन असेल तर तिथे, पुरेशी जागा आहे का बघा. 'ईटीसी'मधल्या 'ॲप्ट' फोल्डरात स्रोतांची यादी असते. त्यात जिथे जिथे 'बुकवर्म' लिहिलंय, तिथे 'ट्रिक्सी' करा.

पुढच्या आज्ञा टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत, प्रशासकाच्या अधिकारानं द्यायच्या. आधी 'ॲप्ट अपडेट', म्हणजे नवी यादी येईल. मग 'ॲप्ट अपग्रेड', पण 'विदाउट-न्यू-पीकेजीएस' हा पर्याय जोडून, म्हणजे नवं काही न आणता आणि असलेलं काही न काढता जेवढं बदलता येतं तेवढं आधी बदलेल. शेवटी 'ॲप्ट फुल-अपग्रेड'. इथे कुठली पॅकेजेस काढली जाणार याची यादी समोर येते. ती वाचल्याशिवाय 'होय' म्हणू नका. माझ्या लॅपटॉपवर या टप्प्याला दोन ठिकाणी 'तुमची फाइल ठेवू का' हा प्रश्न आला. दोन्ही वेळा फरक वाचून मी माझी ठेवली. सगळं संपलं की संगणक पुन्हा सुरू करा आणि 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह'नं उरलेला राडारोडा काढा. दूरच्या सर्व्हरवर हे करत असाल तर 'टीमक्स'सारख्या साधनात करा, म्हणजे मधे जोडणी तुटली तरी काम चालू राहील.

मग ३२-बिटचं काय?

इंटेलच्या ३८६ घराण्यातले ३२-बिट प्रोसेसर हे डेबियनचं जन्मघर. १९९३मध्ये मर्डॉकनं सुरुवात केली ती याच यंत्रांवर. ट्रिक्सीत त्यांच्यासाठी कर्नल नाही आणि इन्स्टॉलरही नाही. ३२-बिट पॅकेजेस उरली आहेत ती ६४-बिट यंत्रावर जुने प्रोग्रॅम चालवण्यापुरती. त्यांचं घड्याळही मुद्दाम जुनंच ठेवलंय. ते बदललं असतं, तर ज्या जुन्या प्रोग्रॅमसाठी ती ठेवली तेच मोडले असते.

यात नुकसान आहे, आणि ते सगळ्यांचं सारखं नाही. श्रीमंत देशातल्या माणसासाठी '३२-बिट यंत्र' म्हणजे माळ्यावरची वस्तू. आपल्याकडे एखाद्या वाचनालयात किंवा गावातल्या शाळेच्या खोलीत ते अजून रोजचं काम करत असू शकतं. त्या यंत्राला 'निवृत्त करा' हा सल्ला ऐकायला सोपा आणि पाळायला महाग आहे. डेबियनचं वचनही इथे संपतं, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

तरी फोनच्या बाबतीत जे होतं त्यापेक्षा हे मला वेगळं वाटतं. ३२-बिट यंत्रांना निरोप द्यायचा की नाही यावरची चर्चा उघड्यावर, अनेक वर्षं चालली. सांभाळायला माणसं कमी आणि चाचणीला यंत्रं कमी, ही कारणं लिहून ठेवलेली आहेत. डेबियनची प्रत्येक आवृत्ती तीन वर्षं पूर्ण आणि पुढे दोन वर्षं मर्यादित, अशी पाच वर्षं सांभाळली जाते, त्यामुळे १२ वर थांबलेल्यांना दार एका रात्रीत बंद झालेलं नाही. आणि उद्या कुणाला ही यंत्रं जगवायचीच असतील, तर लागणारा सगळा कोड उघडा आहे. ते काम कठीण आहे, पण त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. फोनच्या बाबतीत अडतं ते इथेच.

१९ जानेवारी २०३८ला मंगळवार आहे. सकाळी पावणेनऊच्या सुमाराला कुणी मुलांना शाळेत सोडत असेल, कुणी लोकलमध्ये उभं असेल. एखाद्या कोपऱ्यातलं छोटं एआरएम यंत्र ८ वाजून ४४ मिनिटं ८ सेकंद ही वेळ बिनचूक दाखवेल आणि त्याकडे कुणाचं लक्षही जाणार नाही. २०२४मध्ये हजारो पॅकेजेस पुन्हा बांधत बसलेल्या माणसांना हेच हवं होतं.