डर्ट बाइक, मुलांची : स्थैर्य आणि हाताळणी

माती, गवत, खडी आणि उंचवट्यांवर चालवण्यासाठी बनवलेली छोटी मोटरसायकल. पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांत इंजिन साधारण 50 ते 110 सीसीचे असते आणि अमेरिकेत चार वर्षांची मुलेही 50 सीसीच्या शर्यतींत उतरतात. या घराण्याचा मूळपुरुष म्हणावा अशी होंडाची झेड100 ही गाडी 1961 मध्ये टोकियोतल्या टामा टेक या मनोरंजन उद्यानासाठी तयार झाली. पाच इंची चाके, शॉकअप नाहीत, आणि वर बसलेला मोठा माणूस माकडासारखा दिसे म्हणून ‘मंकी’ हे नाव पडले. आज या वर्गाचा मापदंड धरल्या जातात त्या यामाहाची पीडब्ल्यू50 आणि होंडाची सीआरएफ50एफ. पहिली 1980 च्या दशकाच्या आरंभापासून जवळपास त्याच रचनेत विकली जाते. दुसरी 2004 पासून.

गुरुत्वमध्य खाली म्हणून गाडी स्थिर, असे विक्रेते हमखास सांगतात. हे अर्धसत्य आहे. लांब काठी तळहातावर उभी तोलता येते, पेन्सिल येत नाही. कारण बुटकी वस्तू लवकर कलंडते आणि सावरायला वेळ देत नाही. दुचाकीचेही तसेच. बुटक्या गाडीचा खरा फायदा वेगळा आहे : तोल गेला की मुलाचा पाय जमिनीला टेकतो. पीडब्ल्यू50 ची सीट जमिनीपासून 48 सेंमी.च्या आसपास आहे, सीआरएफ50एफची सुमारे 55 सेंमी. सीटवर बसल्यावर दोन्ही पावलांचे चवडे तरी नीट टेकले पाहिजेत, ही साधी कसोटी कुठल्याही तक्त्यापेक्षा भरवशाची. ‘वाढत्या अंगाची’ गाडी घेण्याचा पालकांचा मोह नेमका इथेच नडतो.

वजनाचे गणित याहून कठोर आहे. मोटोक्रॉसच्या मोठ्या गाडीचे वजन 105 ते 110 किग्रॅ. आणि स्वाराचे 70 ते 75, म्हणजे गाडी दीडपट. पाच वर्षांचे मूल असते 18 किग्रॅ.च्या आसपास आणि पीडब्ल्यू50 आहे 41 किग्रॅ.ची, गाडी दुपटीहून जड. मातीवरची गाडी निम्मी हँडलने आणि निम्मी अंग झुकवून चालवली जाते. त्यामुळे गाडी जितकी जड, तितका मुलाच्या अंगाचा तिच्यावरचा प्रभाव कमी. पडलेली गाडी त्याला एकट्याने उचलताही येत नाही. शिकाऊ मुलासाठी दोन-चार किलो कमी असणे एखाद्या जास्तीच्या गिअरपेक्षा मोलाचे ठरते.

हँडलचे वागणे पुढच्या फोर्कच्या कलावर आणि ‘ट्रेल’वर अवलंबून असते. हँडल ज्या आसाभोवती फिरते तो आस खाली जमिनीपर्यंत वाढवला, तर टायर त्या बिंदूच्या थोडा मागे टेकलेला दिसतो. हे अंतर म्हणजे ट्रेल. ते जास्त असेल तर हँडल आपोआप सरळ व्हायला बघते. मोटोक्रॉसच्या 250 सीसी गाड्यांत ते सुमारे 120 मिमी. आणि दोन चाकांमधले अंतर दीड मीटरच्या घरात असते. सीआरएफ50एफमध्ये हेच आकडे सुमारे 33 आणि 911 मिमी. आहेत. म्हणून चिमुकल्या हातांच्या हलक्या धक्क्यानेही ती वळते. वेग वाढला की मात्र हाच हलकेपणा हँडलच्या थरथरीत दिसू लागतो. ट्रेल आणि फिरत्या चाकांचा भोवऱ्यासारखा परिणाम यांवरच दुचाकीचा तोल उभा असतो, ही समजूत मात्र पूर्ण खरी नाही. कॉर्नेल आणि डेल्फ्ट येथील संशोधकांनी 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे दोन्ही घटक काढून टाकलेली प्रायोगिक सायकल मांडली. तीही स्वाराविना स्वतःला सावरत होती.

चाकांचा आकार ही या गाड्यांची उघड कमजोरी. दहा इंची रिमवरच्या टायरची त्रिज्या जेमतेम 19 सेंमी. भरते; मोठ्या गाडीच्या 21 इंची पुढच्या चाकाची 34 च्या पुढे. मोठ्यांची गाडी ज्या दहा सेंमी.च्या दगडावरून निघून जाते, तोच दगड लहान चाकाला निम्म्या त्रिज्येइतका अडसर होतो. शॉकअपही फार मदतीला येत नाहीत : पीडब्ल्यू50 चा फोर्क सुमारे 60 मिमी. दबतो, मोटोक्रॉसच्या मोठ्या गाडीचा 300 मिमी. सपाट मैदान हा अशा गाडीच्या रचनेत गृहीत धरलेला भागच आहे.

हाताळणीत खरी कळीची जागा उजव्या मुठीत आहे. गाडी झटक्यात पुढे गेली की मूल दचकते, अंग मागे पडते, मूठ आणखी घट्ट होते आणि मनगट खाली वळून अॅक्सिलरेटर आणखीच पिळला जातो. नवशिक्याच्या कित्येक अपघातांचा क्रम हाच. त्यावर पीडब्ल्यू50 मध्ये दोन साधे उपाय आहेत. मुठीजवळ एक स्क्रू आहे. तो आत फिरवला की मूठ ठरावीक मर्यादेपलीकडे वळतच नाही. दुसरा उपाय सायलेन्सरकडे जाणारी वाट अरुंद करणाऱ्या चकतीचा. ती काढली की इंजिनाची ताकद वाढते. पालकाने चकती पहिल्याच आठवड्यात काढली, तर गाडीत दोष शोधण्यात अर्थ नाही. केटीएमच्या एसएक्स-ई 5 या विजेवरच्या गाडीत हेच काम ताकदीच्या सहा टप्प्यांवर सोपवले आहे.

क्लच सेंट्रिफ्युगल, म्हणजे आपोआप लागणारा. इंजिनाचे फेरे वाढले की आतले शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला धरतात. फेरे उतरले की सुटतात. गाडी बंद पडत नाही आणि मुलाच्या डाव्या हाताचे एक काम वाचते. पीडब्ल्यू50 ला गिअरच नाहीत, दोन्ही ब्रेक सायकलसारखे हातात आहेत आणि चेनऐवजी शाफ्ट आहे, त्यामुळे चेनमध्ये बोटे सापडण्याची भीती नाही. सीआरएफ50एफमध्ये तीन गिअर आणि मागचा ब्रेक पायाशी. तिथे मुलाला एका वेळी अधिक गोष्टींचे भान ठेवावे लागते. मागे लावायची आधाराची चाके धीर देतात, पण गाडीला झुकू देत नाहीत, आणि वळणे तर झुकण्यातूनच येते. म्हणून पॅडल नसलेल्या बॅलन्स सायकलवर आधी तोल शिकवण्याची पद्धत अधिक बरी. अशाच विजेवरच्या सायकली बनवणारी स्टॅसिक ही कंपनी हार्ले-डेव्हिडसनने 2019 मध्ये विकत घेतली.

अमेरिकेत या गाड्यांवर एकदा अनपेक्षित संक्रांत आली. मुलांच्या वस्तूंतील शिशावर मर्यादा घालणाऱ्या 2008 च्या कायद्यामुळे 2009 च्या फेब्रुवारीत त्यांची विक्री ठप्प झाली, कारण टायरचे व्हॉल्व्ह आणि बॅटरीची टोके यांत शिसे होते. छोटी गाडी मिळाली नाही तर मूल मोठी चालवील, हा विरोधकांचा मुद्दा होता. ऑगस्ट 2011 मध्ये सवलत मिळाली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिका अर्थात याहून कडक आहे : सोळा वर्षांखालील मुलांनी असली वाहने चालवूच नयेत.

भारतात कावासाकीने केएलएक्स110 आणली, तरी नोंदणी नसलेली अशी गाडी रस्त्यावर नेता येत नाही. ती खासगी जागेत किंवा ट्रॅकवरच चालते. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर वाहन चालवून गुन्हा केला, तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा वाहनमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.