विकिपीडियावरील नवागत : स्वागत, शिष्टाचार आणि ‘चावू नका’ हा संकेत

विकिपीडियाच्या संकेतांमध्ये ‘नवागतांना चावू नका’ असा एक संकेत आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्याला तो गमतीचा वाटतो. नव्याने आलेल्या सदस्याची चूक दिसली म्हणून त्याच्या अंगावर धावून जाऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. विकिपीडिया २००१ मध्ये आणि मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. या सगळ्या काळात लेख लिहिणारे, तपासणारे आणि वाद मिटवणारे लोक मुख्यतः स्वयंसेवकच राहिले आहेत. त्यामुळे नवीन माणूस टिकतो की निघून जातो, हा प्रश्न येथे निव्वळ सौजन्याचा उरत नाही.

नवागत नेमका कुठे अडतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. वाई तालुक्यातील एक विद्यार्थिनी आपल्या गावाचा लेख उघडते. त्यात दोनच ओळी आहेत. ती ग्रामदैवताच्या यात्रेची माहिती लिहिते, गावात कोणती पिके होतात ते लिहिते आणि शेवटी ‘आमचे गाव अतिशय निसर्गरम्य असून येथील लोक प्रेमळ आहेत’ असे जोडते. संदर्भ एकही देत नाही. अर्ध्या तासात एक अनुभवी सदस्य ‘अलीकडील बदल’ पाहताना तिथे पोहोचतो आणि ‘उलटवा’ ही कळ दाबतो. यात्रा गेली, पिके गेली, प्रेमळ लोकही गेले. संपादन सारांशात उरते ते ‘विनासंदर्भ मजकूर’.

नियमाच्या दृष्टीने त्याचे काही चुकलेले नाही. पण त्या मुलीला संपादन सारांश म्हणजे काय, ‘इतिहास’ कुठे पाहायचा, यातले काहीच ठाऊक नाही. तिला दिसते ते इतकेच की आपण लिहिलेले कोणीतरी पुसले. ती बहुधा परत येत नाही.

इंग्रजी विकिपीडियावर हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. तेथील सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखरावर पोहोचली आणि नंतर घसरू लागली. आरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घसरणीचा अभ्यास करून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. चांगल्या हेतूने येणाऱ्या नवागतांचे प्रमाण फारसे कमी झालेले नव्हते, पण त्यांची संपादने नाकारली जाण्याचे प्रमाण वाढले होते आणि ज्यांचे काम सुरुवातीलाच नाकारले गेले ते टिकत नव्हते. उत्पात रोखण्यासाठी बनवलेल्या सांगकाम्यांनी आणि अर्धस्वयंचलित साधनांनी (‘सांगकाम्या’ हा मराठी विकिपीडियावरचा बॉटसाठीचा शब्द) आपले काम चोख केले होते. त्यात उत्पाती आणि गोंधळलेला नवखा असे दोघेही एकाच केरसुणीने झाडले गेले.

यावर उपाय म्हणून इंग्रजी विकिपीडियावर २०१२ मध्ये ‘टीहाऊस’ हे पान सुरू झाले. नवख्याने तिथे कितीही साधा प्रश्न विचारावा आणि त्याला नियमांचे नुसते दुवे न देता माणसासारखे उत्तर मिळावे, अशी ती कल्पना. मराठी विकिपीडियावर अशा प्रश्नांची जागा म्हणजे ‘चावडी’. सरावाच्या पानाला तिथे ‘धूळपाटी’ म्हणतात. पाटीवर धूळ पसरून अक्षरे गिरवायची आणि हाताने पुसून टाकायची, ही जुनी पद्धत ज्याने ऐकली आहे त्याला या पानावर चुकण्याची भीती वाटू नये.

मग स्वागत म्हणजे काय? नवीन खाते उघडताच चर्चापानावर मोठा रंगीत साचा चिकटवणे, असा एक समज आहे. काही विकिपीडियांवर तर हे काम आपोआप होते. साच्यात उपयोगी दुवे असतात, ते वाईट नाही. पण ज्याने अजून एकही शब्द लिहिलेला नाही त्याला वीस दुव्यांची यादी देणे म्हणजे पाहुणा उंबऱ्यात असतानाच त्याच्या हातात सोसायटीची नियमावली ठेवणे. खरे स्वागत पहिल्या संपादनानंतर होते आणि ते त्या संपादनाविषयी असते. वरच्या उदाहरणात चार ओळी पुरल्या असत्या: ‘नमस्कार. गावाच्या लेखात आपण यात्रेची माहिती भरलीत, धन्यवाद. ती तशीच ठेवली आहे. वर्तमानपत्रातील बातमी किंवा गॅझेटिअरचा संदर्भ मिळाल्यास जोडावा. शेवटचे वाक्य काढले, कारण ज्ञानकोशात गावाची स्तुती करत नाहीत. काही अडल्यास येथेच विचारा.’ काय ठेवले, काय काढले, का काढले, हे सगळे त्यात आले.

संबोधनाचाही प्रश्न आहे. टोपणनावावरून समोरची व्यक्ती स्त्री की पुरुष, सोळा वर्षांची की सत्तरीची, हे कळत नाही. त्यामुळे ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ वापरणे सोयीचे. ‘आपण आलात’ म्हटले की लिंगाचा प्रश्नच येत नाही. ‘तू आलास’ यात दोन चुका एकदम होऊ शकतात. सरसकट ‘सर’ म्हणण्याची सवयही सोडलेली बरी.

मराठीत आणखी एक खास अडचण म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. अनेकजण मोबाइलवर टंकलेखन करतात आणि चुका होतात. शुद्धलेखन गुपचूप दुरुस्त करावे, त्यावर व्याख्यान देऊ नये. माहिती चांगली असताना वेलांटीवरून माणूस गमावणे लहान विकिपीडियाला परवडत नाही.

काही बाबतीत मात्र सौम्यपणाला मर्यादा आहे. पुस्तकातून किंवा वर्तमानपत्रातून जसाच्या तसा उचललेला मजकूर लगेच काढावा लागतो, कारण तेथे प्रताधिकाराचा प्रश्न येतो. हयात व्यक्तीविषयीचा बदनामीकारक मजकूरही ठेवता येत नाही. पण काढताना ‘चोरी’ हा शब्द टाळावा. शाळेच्या प्रकल्पवहीत उतरवून काढण्याचीच सवय लागलेल्या मुलाला ती चोरी वाटत नसते.

नवागताकडूनही थोड्या अपेक्षा असतात. मतभेद लेखात न लिहिता चर्चापानावर मांडावेत आणि तिथे शेवटी चार टिल्ड चिन्हे देऊन सही करावी. लेखात मात्र सही करू नये. स्वतःवर, स्वतःच्या संस्थेवर किंवा व्यवसायावर लेख लिहू नये. लिहिलेले काढले गेले, तर तेच पुन्हा डकवण्याआधी कारण विचारावे. पानाच्या इतिहासात जुनी आवृत्ती साधारणपणे शाबूत असते, म्हणून घाई नसते.

कार्यशाळांमध्ये हे सगळे एकदम समोर येते. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासारख्या निमित्ताने महाविद्यालयात तीस विद्यार्थी एकत्र बसतात आणि सातव्याचे खातेच उघडत नाही. एका अंकपत्त्यावरून दिवसाला साधारण सहाच खाती उघडता येतात, ही मर्यादा उत्पात रोखण्यासाठी आहे. उपाय साधा आहे: विद्यार्थ्यांनी आदल्या दिवशी घरून खाती उघडावीत किंवा आयोजकांनी आधीच प्रचालकांशी बोलून ठेवावे. कार्यशाळेची पूर्वसूचना चावडीवर दिली, तर एकाच तासात एकाच ठिकाणाहून आलेली तीस अर्धवट पाने पाहून कोणी दचकत नाही. ती पाने काढण्याची विनंती लावण्याआधी दोन-चार दिवस थांबण्याची समज मग आपोआप येते. कार्यशाळेनंतरच्या आठवड्यात यातल्या एखाद्याने स्वतःहून पुन्हा एक स्वल्पविराम जरी दुरुस्त केला, तरी त्याच्या चर्चापानावर आवर्जून लिहावे.