पदकांआड राहिलेले गुणफलक

१९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली. तेव्हापासून २०१४ च्या इंचॉनपर्यंत भारतीय पुरुष संघाने सलग ७ सुवर्णपदके जिंकली. त्यामुळे २३ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्तात उपान्त्य फेरीत इराणने आपल्याला २७-१८ असे हरवले, तेव्हा ते अघटित वाटले. पदकांची यादी बाजूला ठेवून गुणफलक वाचले, तर तसे वाटत नाही.

२००४ च्या मुंबईतील विश्वचषकात अंतिम फेरीत भारताने इराणला ५५-२७ असे लोळवले होते. २००७ मध्ये पनवेलला हाच सामना २९-१९ असा झाला. इंचॉनला तर मध्यंतराला आपण १३-२१ असे मागे होतो आणि २७-२५ असे कसेबसे तरलो. २०१६ च्या अहमदाबादच्या विश्वचषकात सलामीलाच दक्षिण कोरियाने आपल्याला हरवले, अंतिम सामन्यातही मध्यंतराला इराणच पुढे होता. शेवटी चषक आपल्याकडेच आला आणि ही चाहूल विसरली गेली.

जकार्तात दुसऱ्याच दिवशी इराणच्या महिलांनी भारताला २७-२४ असे नमवून सुवर्ण नेले. त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. म्हणजे हरवणारी विद्याही इथूनच गेलेली होती.

पुरुषांनी २०२३ मध्ये हांगझोऊला इराणकडून ३३-२९ असे सुवर्ण परत मिळवले. तरी जकार्ताची नोंद महत्त्वाचीच. आपला खेळ जगाचा व्हावा, असे आपण म्हणत आलो. तो जगाचा व्हायचा, तर कधीतरी आपण हरणेही त्यात आलेच.