कुत्र्यासाठी घरच्या घरी फळांचे आइस क्यूब: कोणती फळं चालतात, कोणती जीवावर बेतू शकतात?

उन्हाळा सुरू झाला की सोशल मीडियावर एक ठरलेला व्हिडिओ फिरू लागतो. आइस ट्रेमध्ये फळांचे तुकडे, वर दही किंवा नारळपाणी, रात्रभर फ्रीजर आणि सकाळी तो क्यूब आवडीने चाटणारा लॅब्रेडॉर किंवा पग. करायला सोपं, खर्च जवळपास नाही आणि कुत्राही खूश.

कल्पना चांगलीच आहे. प्रश्न असतो तो ट्रेमध्ये काय टाकलं जातं याचा. फ्रूट सॅलडमधली उरलेली चार द्राक्षं किंवा 'शुगर फ्री' पीनट बटरचा एक चमचा कुत्र्याला थेट दवाखान्यात पोहोचवू शकतो. शिवाय क्यूब दिला म्हणजे उन्हाचा बंदोबस्त झाला, असंही नाही. म्हणूनच हे क्यूब कसे करायचे, किती द्यायचे आणि काय टाळायचं, हे नीट समजून घेऊया.

कुत्र्यांना उकाडा जास्त का बाधतो?

माणसाला उकडलं की अंगभर घाम येतो. कुत्र्यांना घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना आणि तोही अगदी थोडा. शरीरातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्यांचा खरा आधार म्हणजे धापा टाकणं. जीभ, तोंड आणि श्वासनलिकेतला ओलावा वाफ होऊन बाहेर पडतो आणि शरीर थंड होतं.

हवा दमट असेल, तर ही वाफ नीट होत नाही. त्यामुळे विदर्भातल्या ४५ अंशांच्या कोरड्या उन्हात धोका असतोच, पण मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्यातल्या ३४-३५ अंशांच्या चिकट उकाड्यातही कुत्रा बेजार होऊ शकतो. आकडा कमी दिसतो म्हणून गाफील राहू नये.

सगळ्या जातींना धोका सारखा नसतो. ब्रिटनमधल्या ९ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार लॅब्रेडॉरच्या तुलनेत बुलडॉगला उष्णतेचा त्रास होण्याची शक्यता सुमारे १४ पट, फ्रेंच बुलडॉगला ६ पट आणि पगला ३ पट जास्त आढळली. चपट्या नाकामुळे या कुत्र्यांना मुळातच श्वास घ्यायला कष्ट पडतात. वयस्कर, लठ्ठ आणि हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्यांचीही अशीच काळजी घ्यावी लागते.

कोणती फळं चालतात?

खाली दिलेली फळं बहुतेक निरोगी कुत्र्यांना थोड्या प्रमाणात चालतात. मात्र प्रत्येक फळ आधी नीट साफ करून घ्यायला हवं.

- कलिंगड: यात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असतं आणि १०० ग्रॅममध्ये साधारण ३० कॅलरी. बिया आणि साल काढून फक्त लाल गर वापरा.
- खरबूज: कलिंगडासारखंच हलकं. साल आणि बिया काढा.
- आंबा: फक्त पिकलेला गर. साल आणि कोय अजिबात नको.
- केळं: क्यूबला छान घट्टपणा येतो, पण साखर आणि कॅलरी जास्त असतात. थोडंसंच घाला.
- पपई: पिकलेली, साल आणि बिया काढून.
- सफरचंद: देठाकडचा भाग आणि बिया काढून. या बियांमध्ये सायनाइड तयार करणारा घटक असतो.
- स्ट्रॉबेरी: देठ काढून, नीट धुऊन.

आंब्याच्या कोयीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. चोखून टाकलेली कोय कुत्र्याला चघळायला देण्याची सवय अनेक घरांत असते. ती निसरडी असते, त्यामुळे एका झटक्यात गिळली जाते आणि घशात किंवा आतड्यात अडकते. अडकलेली कोय काढायला बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करावी लागते. आंब्याच्या दिवसांत कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण असलेलंच बरं. कोय गेल्याची शंका असेल आणि कुत्रा वारंवार उलट्या करत असेल, खात नसेल किंवा पोट धरून बसत असेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

द्राक्षं, मनुका आणि चिंच: एकही नको

सगळ्यात मोठा धोका द्राक्षांचा आहे. हिरवी असोत की काळी, बिनबियांची असोत की सोललेली, द्राक्षांमुळे कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. मनुका आणि बेदाण्यांमध्ये तोच घटक आटून घट्ट झालेला असतो, त्यामुळे ते आणखी धोकादायक. एखादा कुत्रा मूठभर द्राक्षं खाऊनही ठणठणीत राहतो, तर दुसरा थोडीशी खाऊनही गंभीर आजारी पडतो. त्यामुळे अमुक इतकी चालतील, असं सुरक्षित प्रमाण सांगता येत नाही.

असं का होतं, हे कोडं बरीच वर्षं सुटलेलं नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या 'एएसपीसीए' या संस्थेच्या प्राणी विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं. बेकिंगमध्ये वापरलं जाणारं 'क्रीम ऑफ टार्टर' पोटात गेलेल्या कुत्र्यामध्ये त्यांना द्राक्षांसारखीच लक्षणं दिसली होती. हे आम्ल चिंचेतही भरपूर असतं आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्या किडनीला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. म्हणजे आपल्याकडे या यादीत चिंचेचं नाव जोडायलाच हवं. चिंचेचा कोळ, चिंचेची गोड चटणी आणि चिंचेच्या गोळ्या या सगळ्या कुत्र्यापासून दूर ठेवा.

महाराष्ट्रात हा मुद्दा आणखी महत्त्वाचा ठरतो. नाशिक आणि सांगली पट्ट्यातली द्राक्षं बाजारात येतात ती नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर. घरात द्राक्षांची पेटी असते, बेदाण्याची वाटी टीपॉयवर असते. मिक्स फ्रूट ज्यूसच्या पाकिटातही द्राक्षाचा रस असू शकतो. म्हणून पॅकबंद ज्यूस वापरून क्यूब करूच नका.

कुत्र्याने द्राक्षं किंवा मनुका खाल्ल्या, तर लक्षणं दिसण्याची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. उलट्या आणि सुस्ती बहुतेकदा पहिल्या २४ तासांत दिसते, पण किडनीवरचा परिणाम कळायला एक ते तीन दिवस लागू शकतात. तेव्हा उपचार अवघड झालेले असतात. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी करवण्याचा प्रयत्नही करू नका, त्यातून वेगळीच विषबाधा होऊ शकते.

फळांसोबत आणखी काय टाळायचं?

- झायलिटॉल: 'शुगर फ्री' च्युइंगगम, काही पीनट बटर आणि टूथपेस्टमध्ये असणारी ही गोडी माणसाला चालते. कुत्र्याच्या शरीरात मात्र तिच्यामुळे इन्सुलिन एकदम वाढतं आणि रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. यकृतालाही इजा होऊ शकते. पीनट बटर घालायचं असेल, तर डब्यावरचे घटक वाचूनच घाला.
- श्रीखंड आणि आम्रखंड: भरपूर साखर, वर जायफळ आणि कधी कधी मनुका. जायफळ जास्त प्रमाणात पोटात गेल्यास कुत्र्यांना विषबाधा होते.
- आइस्क्रीम, कुल्फी, बर्फाचा गोळा: साखर, फॅट आणि रंग. चॉकलेट फ्लेवर तर नकोच, कारण चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्यांसाठी विष आहे.
- मसाला ताक, पन्हं, सरबत: मीठ, साखर आणि मसाले. लसूण-कांद्याचा अंश असेल तर आणखी वाईट.

तीन सोप्या कृती

१. कलिंगड-दही क्यूब
२०० ग्रॅम कलिंगडाचा बिया काढलेला गर आणि १०० ग्रॅम साधं दही मिक्सरमधून फिरवा. आइस ट्रेमध्ये ओतून सहा ते आठ तास फ्रीजरमध्ये ठेवा. साधारण १५ क्यूब होतात, एका क्यूबमध्ये ८ ते १० कॅलरी. दूध न पचणाऱ्या कुत्र्यासाठी दह्याऐवजी पाणी घाला.

२. आंबा-केळं क्यूब
१०० ग्रॅम आंब्याचा गर, अर्धं केळं आणि अर्धा कप पाणी एकजीव करा. यात गोडवा जास्त असतो, म्हणून हा क्यूब आठवड्यातून एखाद-दोन वेळाच द्या. मधुमेह असलेल्या कुत्र्याला देऊ नका.

३. सफरचंद-गाजर क्यूब
एक सफरचंद आणि एक गाजर सोलून किसून घ्या. वाफवून मऊ केलं तर पचायला सोपं जातं. गार झाल्यावर ट्रेमध्ये भरा आणि वरून पाणी ओता. वजन कमी करायचं असलेल्या कुत्र्यासाठी हा चांगला पर्याय आहे.

कोणत्याही कृतीत साखर, गूळ, मध, मीठ किंवा इसेन्स घालू नका. तयार क्यूब डब्यात भरून दोन-तीन आठवड्यांत संपवा. वीज बराच वेळ गेली आणि क्यूब पूर्ण वितळले, तर पुन्हा गोठवू नका, टाकून द्या.

दिवसाला किती क्यूब द्यायचे?

पशुवैद्य सहसा १० टक्क्यांचा नियम सांगतात: दिवसभराच्या कॅलरींपैकी खाऊचा वाटा १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. सर्वसाधारण हालचाल करणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी हा हिशोब ढोबळमानाने असा होतो:

- ५ किलोचा कुत्रा: ३५ ते ४० कॅलरी
- १० किलोचा कुत्रा: सुमारे ६० कॅलरी
- २५ किलोचा कुत्रा: सुमारे १२५ कॅलरी

यात फक्त क्यूब नाहीत, तर बिस्किटं आणि जेवताना ताटातून दिलेला पोळीचा तुकडाही येतो. एका मध्यम पोळीतच ८० ते १०० कॅलरी असतात. म्हणून लहान कुत्र्याला एक-दोन, मध्यम कुत्र्याला तीन-चार आणि मोठ्या कुत्र्याला पाच-सहा क्यूब पुरेसे आहेत.

नवीन फळ पहिल्यांदा देताना अर्धाच क्यूब द्या आणि २४ तास थांबा. जुलाब, उलटी किंवा अंगाला खाज सुटली, तर ते फळ बंद. किडनीचा आजार, मधुमेह किंवा स्वादुपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याला डॉक्टरांना विचारूनच द्या.

देताना काय लक्षात ठेवायचं?

दगडासारखा कडक क्यूब कडाकडा फोडताना दाताचा टवका उडू शकतो. नखाने दाबल्यावर थोडीही खूण उमटत नसेल, तर तो क्यूब दातांसाठी जास्तच कडक आहे. फ्रीजरमधून काढल्यावर पाच मिनिटं बाहेर ठेवा किंवा चुरा करून ताटलीत द्या.

अधाशीपणे गिळणाऱ्या कुत्र्याला क्यूबऐवजी पसरट वाटीत किंवा चाटायच्या मॅटवर पातळ थर गोठवून द्या. चाटायला वेळ लागतो, घशात अडकण्याची भीती राहत नाही आणि दुपारचा कंटाळाही जातो. कुत्रा खात असताना जवळच थांबा.

क्यूब म्हणजे उष्माघातावरचा उपाय नाही

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण अर्धा लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. चार क्यूबमधून मिळतं जेमतेम ८० मिली. त्यामुळे ताज्या पाण्याची भांडी, सावली, पंखा आणि फिरायला नेण्याची वेळ बदलणं याला पर्याय नाही. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल, तर कुत्र्याला त्यावरून चालवू नका.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या पुढे गेलं की अवयवांना इजा होऊ लागते. न थांबणारी धाप, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या खाणं, उलटी किंवा कोसळणं ही लक्षणं दिसली, तर क्यूब भरवत बसू नका. तोंडात जबरदस्तीने पाणीही ओतू नका. अशा वेळी पुढील क्रमाने वागा:

१. कुत्र्याला लगेच सावलीत किंवा पंख्याखाली न्या.
२. नळाचं पाणी अंगभर ओतत राहा आणि वारा घाला. तरुण, निरोगी कुत्र्याला डोकं वर ठेवून गार पाण्याच्या टबमध्येही बसवता येतं.
३. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्यामुळे उष्णता आतच अडकते.
४. कुणाला तरी डॉक्टरांना फोन करायला सांगा आणि अंग गार करत करतच दवाखान्यात न्या.

'आधी गार करा, मग न्या' असा आता तज्ज्ञांचा सल्ला आहे. ब्रिटनमधल्या २०१६ ते २०१८ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा उष्णतेचा त्रास झालेल्या कुत्र्यांपैकी साधारण पाचातल्या एकालाच दवाखान्यात नेण्यापूर्वी गार केल्याची नोंद सापडली. वाटेत जाणारी ती मिनिटंच अनेकदा निर्णायक ठरतात.

सोसायटीतल्या किंवा गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांसाठी काही करायचं असेल, तर क्यूबपेक्षा सावलीत ठेवलेलं मातीचं पसरट भांडं जास्त कामाचं. त्यातलं पाणी रोज बदला आणि भांडं घासून घ्या, म्हणजे त्यात डासांच्या अळ्या होणार नाहीत.