मेकॅनिकल डिग्रीसाठी एज्युकेशन लोन: ॲपमधला ईएमआय आणि खरा ईएमआय

ईएमआय कॅल्क्युलेटरमध्ये रक्कम ५ लाख, व्याज १० टक्के, मुदत १० वर्षं टाका. उत्तर येतं ६,६०८ रुपये. मेकॅनिकलला ॲडमिशन घेताना डोंबिवलीच्या घरी बसून मीही हेच केलं होतं आणि बाबांना सांगितलं होतं, "महिना साडेसहा हजार, जमेल." बाबा माझ्या लोनचे सहकर्जदार. पाच वर्षांनी हप्ता सुरू झाला तेव्हा तो नऊ हजारांच्या घरात निघाला. बँकेने फसवलं नव्हतं. मीच ॲपला चुकीचा प्रश्न विचारला होता.

चूक नेमकी कुठे होते?

साधा ईएमआय कॅल्क्युलेटर असं धरतो की पैसे आज मिळाले आणि हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू. एज्युकेशन लोन तसं चालत नाही. बहुतेक सरकारी बँकांच्या योजनेत कोर्सची चार वर्षं आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो. याला मोरेटोरियम म्हणतात. हप्ता नसला तरी व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असतं (या काळात ते सरळव्याज असतं, एवढाच दिलासा).

५ लाखांचं लोन दरवर्षी सव्वा लाख असं चार वेळा मिळालं असं धरू. पहिल्या सव्वा लाखावर हप्ता सुरू होईपर्यंत पाच वर्षांचं व्याज लागतं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचं. १० टक्क्यांनी हे सगळं मिळून होतात १ लाख ७५ हजार. म्हणजे हप्ता सुरू होतो त्या दिवशी डोक्यावर ५ नाही, ६ लाख ७५ हजार असतात. आता कॅल्क्युलेटरमध्ये हा आकडा टाका. १० वर्षांसाठी ईएमआय ८,९२० रुपये. १५ वर्षांची मुदत घेतली तर ७,२५४, पण तेव्हा एकूण भरणा १० लाख ७० हजारांवरून १३ लाखांच्या पुढे जातो.

गुगल शीट्समध्ये हे स्वतः करून बघता येतं. पीएमटी नावाचं सूत्र आहे. त्यात पहिलं महिन्याचं व्याज (वार्षिक दर भागिले १२), मग एकूण महिने, मग रक्कम. रक्कम उणे चिन्ह लावून टाकली की उत्तर अधिकमध्ये येतं. दर बदलणारा असेल तर एक टक्का वाढवूनही बघा. मोबाईलवर दोन मिनिटांचं काम आहे.

हातात किती येणार?

दुसरी बाजू पगाराची. "तीन लाखांचं पॅकेज" ऐकून आपण महिना २५ हजार असा हिशोब करतो. समजा बेसिक १५ हजार आहे. कंपनीचा पीएफचा वाटा १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे साधारण ७२० रुपये बहुतेक कंपन्या पॅकेजमध्येच मोजतात. मग तुमच्या वाट्याचे पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० कापले जातात. हातात उरतात साडेवीस हजारांच्या आसपास. (महिलांना महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही.) यातून ८,९२० गेले तर पगाराचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग हप्त्यातच संपला. शिक्षणकर्जाच्या व्याजावर ८०-ई खाली करसवलत मिळते असं लोनच्या वेळी हमखास सांगतात. पण ती फक्त जुन्या करपद्धतीत आहे, आणि या पगारावर मुळात टॅक्सच लागत नाही. तो मुद्दा सोडून द्या.

उरलेल्या साडेअकरा हजारांत भागतं का, हे नोकरी कुठे आहे यावर ठरतं. आणि आपल्या भागातल्या मुलांचा हिशोब इथेच चुकतो असं मला वाटतं. आपल्या आधीच्या पिढीच्या डोक्यात मेकॅनिकल म्हणजे घरून डबा घेऊन जाण्यासारखी नोकरी. ते खरंही होतं. एमआयडीसी १९६२ साली सुरू झाली तेव्हा ठाण्याचं वागळे इस्टेट तिच्या पहिल्या वसाहतींपैकी होतं. डोंबिवली-कल्याणकडे प्रीमियरचा गाड्यांचा कारखाना होता, आंबिवलीजवळ मोहोन्यात एनआरसी होती. आज वागळेत आयटीची ऑफिसं जास्त दिसतात, प्रीमियरच्या जागेवर टॉवर आहेत आणि एनआरसी २००९ पासून बंद आहे. अंबरनाथ, तळोजा, रबाळे इथे काम आहे, नाही असं नाही. पण गाड्या आणि सुट्या भागांचं मोठं काम चाकण, रांजणगाव, तळेगावला आहे. तिथे गेलात की खोलीचं भाडं आणि मेस आली. डोंबिवलीत आईवडिलांच्या घरी राहून रबाळ्याला जाणाऱ्याला जो हप्ता पेलतो, तोच हप्ता चाकणला खोली घेतलेल्याला पेलत नाही. म्हणून लोन घेण्याआधी हिशोब दोनदा करा, एकदा घरून आणि एकदा भाड्याच्या खोलीतून. दुसऱ्या हिशोबात महिनाअखेरीला काहीच उरत नसेल तर लोनची रक्कम कमी करायची.

रक्कम कमी कशी होते?

आधी महाडीबीटी पोर्टल बघा. कॅप राउंडमधून ॲडमिशन असेल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर खुल्या प्रवर्गाला राजर्षी शाहू महाराज योजनेतून ट्यूशन फीच्या ५० टक्के मिळतात. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्नमर्यादेत ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की हे बंद. "घराजवळचं कॉलेज मिळतंय, कोट्यातून घेऊ" म्हणताना ही किंमत धरा.

उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राची व्याज अनुदान योजना विचारा. यात मोरेटोरियमचं सगळं व्याज सरकार भरतं. वरच्या उदाहरणात ते पावणेदोन लाख वाचतात आणि तुमचा ईएमआय खरोखर ६,६०८ होतो. मात्र कॉलेजला नॅक किंवा कोर्सला एनबीए मान्यता आहे का ते आधी तपासा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मीत ८ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला ३ टक्के व्याजसवलत आहे, पण ती निवडक संस्थांनाच. आपलं कॉलेज यादीत आहे का ते पोर्टलवर दिसतं.

दहावीत असाल तर आणखी एक रस्ता आहे, आणि माझं मत त्याच बाजूने आहे: सरकारी किंवा अनुदानित पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकल डिप्लोमा, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. डिग्रीची तीनच वर्षं लोनवर. त्याच सव्वा लाखाच्या हिशोबाने हप्ता सुरू होताना ४ लाख ८७ हजार ५०० देणं राहतं, ईएमआय ६,४४२. शिवाय डिप्लोमानंतर वर्षभर काम करून बघता येतं. शॉप फ्लोअर आपल्याला जमत नाही हे कळलं, तरी अंगावर लोन नसतं.

मोरेटोरियमचं ते शेवटचं वर्ष

डिग्रीनंतर अनेकांचं पहिलं वर्ष अप्रेंटिसशिपमध्ये जातं. २०१९ च्या नियमांत पदवीधरांसाठी किमान स्टायपेंड महिना ९,००० आणि डिप्लोमावाल्यांसाठी ८,००० ठेवला होता. ८,९२० चा हप्ता त्यासमोर ठेवून बघा. मोरेटोरियम असल्याने त्या वर्षी हप्ता नसतो, हे नशीब. पण व्याज महिना ४,१६७ रुपये चढत असतं. ते तेव्हाच भरत गेलात तर पुढचा ओझा हलका होतो. पहिल्या वर्षी हेच व्याज महिना १,०४२ असतं. घरच्यांना तेवढं परवडत असेल तर तेव्हापासूनच भरा. असं व्याज वेळेवर भरणाऱ्यांना काही बँका एक टक्का सूटही देतात, पण ती विचारावी लागते. मला कोणी सांगितली नाही आणि मीही विचारलं नाही.

सही करण्याआधी बँकेकडून की फॅक्ट स्टेटमेंट घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने ते नव्या रिटेल कर्जांना बंधनकारक केलंय. त्यात सगळे चार्जेस धरून वार्षिक दर आणि हप्त्यांचं वेळापत्रक असतं. वेळापत्रकातली पहिल्या हप्त्याच्या दिवशीची बाकी रक्कम बघा आणि तो आकडा सहकर्जदाराला, म्हणजे आई किंवा बाबांना, वाचून दाखवा. हप्ता चुकला तर तुमच्याबरोबर त्यांचाही सिबिल स्कोअर खाली येतो.