माझ्या स्वादुपिंडातली गाठ आणि तिचा इतिहास



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिले नाही. कारण निम्म्या वाचकांना (म्हणजे नातेवाइकांना!) ठाऊक आहेच. मूतखड्याच्या संशयावरून सोनोग्राफी केली, आणि मूतखडा राहिला बाजूला, स्वादुपिंडात साडेतीन सेंटिमीटरची पाणी भरलेली गाठ दिसली. तेव्हापासून फोन थांबत नाही. "वहिनी, आजच्या आज काढून टाका," हे नागपूरच्या भावजींचे पालुपद. गाठ म्हटले की आपल्याला एकच रोग आठवतो. मलाही तोच आठवला. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता.

आता मी ती न काढण्याचे ठरवले आहे. का, ते प्रत्येकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा इथेच लिहिते. चौतीस वर्षे इतिहास शिकवला, तेव्हा सुरुवात इतिहासापासूनच होणार, त्याला इलाज नाही!

स्वादुपिंड असते जठराच्या मागे, पार कण्याला लागून. हाताला लागत नाही, साध्या एक्स-रेत दिसत नाही. त्यामुळे तिथली गाठ खूप मोठी झाल्याशिवाय पूर्वी कळतच नसे. न्यूयॉर्कच्या नेथन बोझमन या सर्जनने १८८२ साली आपल्या एका शस्त्रक्रियेची हकीकत छापली. बाईच्या बीजकोशाची गाठ समजून त्याने पोट उघडले, तर ती निघाली स्वादुपिंडाची. वजन साडेवीस पौंड, म्हणजे नऊ किलोंहून जास्त! त्याच सुमारास प्रागमध्ये कार्ल गुसेनबाउअर याने दुसरी वाट काढली. गाठ न काढता तिचे तोंड पोटाच्या त्वचेशी शिवले आणि आतले पाणी बाहेर वाहू दिले.

पुढची कित्येक दशके पोट उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नव्हते. १९७१ साली लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला, आणि काही वर्षांतच ते यंत्र पोटातही पाहू लागले. १९७९ साली त्यांना नोबेल मिळाले. त्याच वर्षी इकडे आमच्या थोरल्या वन्संचे पोट "उघडून पाहू" म्हणून उघडले होते. त्या त्यातून उठल्या नाहीत. आत नेमके काय होते, ते आम्हाला कधीच नीट समजले नाही. दोष कुणाचाच नव्हता. डॉक्टरांना आतले दिसतच नव्हते. पण परवा रिपोर्ट हातात घेतला तेव्हा मला वन्संच दिसत होत्या.

आता माझ्या गाठीकडे वळते. १९७८ साली कॉम्पाग्नो आणि ऑर्टेल या अमेरिकन तज्ज्ञांनी जुने नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दाखवले की वरून सारख्या दिसणाऱ्या या गाठी एका जातीच्या नाहीत. काहींत चिकट, बुळबुळीत द्रव असतो. त्या पुढे कर्करोगात बदलू शकतात. काहींत मधाच्या पोळ्यासारखे बारीक बारीक कप्पे आणि पातळ पाणी असते. या दुसऱ्या जातीला सीरस म्हणतात. ती बहुतेक बायकांत, साठीच्या आसपास सापडते आणि जवळजवळ कधीच बिघडत नाही. स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर होणाऱ्या गाठी आणखी वेगळ्या.

माझी कुठली? सीटी झाला, एमआरआय झाला. तरी खात्री होईना, म्हणून तोंडावाटे दुर्बीण घातली. तिच्या टोकालाच सोनोग्राफी असते. जठरातून सुई टोचून थेंबभर पाणी काढले. त्यातले सीईए नावाचे द्रव्य अगदी कमी निघाले. चिकट जातीत ते बहुधा वाढलेले असते. पोळ्यासारखे कप्पे तर चित्रात दिसतच होते. म्हणजे सीरस.

"मग काढायची ना?" मी विचारले. डॉक्टरांनी २०१६ साली प्रसिद्ध झालेला, अनेक देशांतल्या २६२२ रुग्णांचा अभ्यास सांगितला. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांची शस्त्रक्रिया झाली होती. शस्त्रक्रियेनंतर दगावले १०. गाठीमुळे दगावला १. सर्जन वाईट होते असे नव्हे, अवयवच तसा आहे. कापल्यावर पाचक रस गळू शकतो, मधुमेह जडू शकतो. म्हणून २०१८ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना म्हणतात की त्रास नसेल तर वर्षभर लक्ष ठेवा, आणि त्यानंतर त्रास झाला तरच पाहा.

हे वाचून कुणी आपली गाठ मात्र तशीच ठेवू नका हं! चिकट जातीची असेल तर हिशेब पार वेगळा. आधी जात ठरवायची, मग निर्णय.

मी वर्गात लढाया शिकवल्या, सनावळ्या घोकून घेतल्या. न झालेल्या लढाईवर कधी प्रश्न काढला नाही. या गाठीच्या बाबतीतही आधी कापण्याचेच पराक्रम लिहिले गेले. कुठली सोडून द्यावी हे कळायला पुढची शंभर वर्षे गेली. वन्संच्या वाट्याला ते ज्ञान आले नाही, माझ्या आले. ते वाया घालवू कशाला?

तेव्हा भावजी, काळजी नसावी. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. फोन जरूर करा, पण आता जरा नातवंडांबद्दल बोलू.

असो.