आधी हृदय की आधी श्वासपटल?

ऑगस्ट १९३८. बोस्टनच्या बालरुग्णालयाचे प्रमुख शल्यचिकित्सक विल्यम लॅड सुट्टीवर होते. त्यांचा विरोध ठाऊक असूनही रॉबर्ट ग्रॉस या ३३ वर्षांच्या कनिष्ठ डॉक्टरांनी सात वर्षांच्या एका मुलीची छाती उघडली आणि महाधमनी व फुप्फुसधमनी यांना जोडणारी, जन्मानंतर मिटायची राहून गेलेली वाहिनी बांधून टाकली. मुलगी वाचली.

याच ग्रॉस यांनी १९४६ मध्ये दुसरे यश प्रसिद्ध केले. जन्मून २४ तासही न झालेल्या बाळाच्या श्वासपटलातील छिद्र त्यांनी शिवले होते. प्रागचे शरीररचनाशास्त्रज्ञ बोख्डालेक यांनी १८४८ मध्ये या छिद्राचे वर्णन केले होते. त्यातून आतडी छातीत शिरतात आणि फुप्फुस खुरटते.

पण दोन्ही दोष एकाच बाळात आले, तर?

त्याआधी एक गैरसमज दूर होणे आवश्यक होते. फुप्फुस केवळ दबलेले आहे, आतडी खाली ओढली की ते फुलेल, असा समज होता. म्हणून मध्यरात्रीही धावपळ करून शस्त्रक्रिया होई. काही बाळे पुढचे काही तास टवटवीत दिसत आणि मग ढासळत. १९६३ मध्ये अरीचोन आणि लिन रीड यांनी दाखवले की अशा फुप्फुसात श्वासनलिकांच्या शाखाच कमी असतात. टाके घालून त्या वाढणार नव्हत्या. तरीही घाईची सवय आणखी वीसेक वर्षे टिकली. रूढी पुराव्यापेक्षा चिवट असते, हे शस्त्रक्रियागृहालाही लागू पडते. न्यूयॉर्कच्या वुंग यांनी १९८५ मध्ये श्वासयंत्राचा दाब सौम्य ठेवण्याची पद्धत मांडली. हळूहळू ‘आधी बाळ स्थिर करा, मग शिवा’ हा क्रम रुळला.

हृदयदोष असला की मात्र हे गणित उलटते. खुरटलेल्या फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकुंचित असतात, म्हणून त्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू देण्याचा मोह होतो. पण हृदयाची डावी बाजू अविकसित असेल, तर एकच कप्पा फुप्फुस आणि शरीर दोघांनाही रक्त पुरवतो. वाहिन्या सैल झाल्या की रक्त फुप्फुसात लोटते आणि शरीर उपाशी राहते. अशा बाळासाठी ग्रॉस यांनी बांधलेली तीच वाहिनी प्रोस्टाग्लँडिनने मुद्दाम उघडी ठेवावी लागते. हा उपाय १९७५-७६ च्या सुमारास हाती आला.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय नोंदवहीच्या अभ्यासात, श्वासपटलदोष असलेल्या २,६३६ बाळांपैकी २८० जणांना गंभीर हृदयदोष होता. त्यांतील सुमारे ४१ टक्के वाचली. हृदयदोष नसलेल्यांत हे प्रमाण ७० टक्के होते.

आज सहसा श्वासपटल आधी शिवतात आणि हृदयाची मोठी शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. कप्प्यांमधले साधे छिद्र असेल, तर वाट पाहता येते. हृदयाची एक बाजूच नसेल, तर क्रमाच्याही आधी, उपचार कुठवर न्यायचे हे आईवडिलांना विचारावे लागते, आणि पुष्कळदा ते बाळ जन्मण्यापूर्वीच.